मदत हवी आहे: पाड्यावर हवामान बदल सोप्या मराठीत कसा सांगू? (तातडीचं)

रानजाई:
मंगळवारी बैठक आहे आणि हातात दाखवण्यासारखं काही नाही. मराठीत जे सापडतं ते एकतर शाळेच्या निबंधासारखं, नाहीतर इंग्रजी अहवालाचं कसंबसं भाषांतर. वस्ती वारली आणि कातकरी कुटुंबांची आहे. पाऊस कसा बदललाय, झरा लवकर का आटतो आणि साठवण तलाव का हवा, हे अर्ध्या तासात पटवायचंय. तयार स्लाइड्स, पोस्टर, चित्रं कुणाकडे असतील तर लगेच द्या. गुगल करून झालंय.

घोडबंदरकर:
ठाण्याजवळच्या येऊरचे पाडे का? तिथे महापालिका हद्द आहे, वेगळं प्रकरण. बाकी पाण्याचं म्हणाल तर आमच्याकडे घोडबंदर रोडला उन्हाळ्यात सोसायटीचे टँकर सुरूच असतात, मेंटेनन्सचा अर्धा पैसा त्यातच जातो. आधी शहराचं बघा कुणीतरी.

पाऊसवेडा:
स्लाइड्स नकोत. पाड्यावर प्रोजेक्टर चालेल का, हेही तुम्ही सांगितलं नाहीये. जमिनीवर रांगोळीने नक्षत्रांचा पट काढा, रोहिणीपासून हस्तापर्यंत. म्हाताऱ्या माणसांना विचारा: पूर्वी राब (पेरणीआधी पालापाचोळा जाळून जमीन भाजणं) कधी भाजायचे, नाचणीची लावणी कधी, झऱ्याला पाणी होळीपर्यंत असायचं की त्यापुढे? दाणे ठेवत जा. शेजारी आताचं वर्ष मांडा. त्यांना पाऊस आपल्यापेक्षा जास्त कळतो.
आकडे हवेत तर महारेन या राज्य सरकारच्या पावसाच्या संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय (मंडळ म्हणजे तालुक्यातला गावांचा गट) रोजचा पाऊस मिळतो. २.५ मिमी किंवा जास्त पाऊस झाला की हवामान खातं तो पावसाचा दिवस धरतं आणि ६४.५ मिमीच्या पुढे गेला की मुसळधार. पावसाचे दिवस किती आणि मुसळधार दिवस किती, एवढे दोनच रकाने काढा. कोणता तालुका?

जुना शहापूरकर:
ताई, तलाव कुणाच्या जागेवर होणार आहे? हे न सांगता 'पटवायला' निघालात, म्हणून विचारतोय.

रानजाई:
प्रश्न जागेचा नाहीये, समजावण्याचा आहे. तालुका शहापूर. जागा वनजमीन, काही कुटुंबांचे वनहक्काचे पट्टे (कसायला मिळालेली वनजमीन) तलावात जातात, बदल्यात दुसरीकडे देणार म्हणतात. ठराव त्याच बैठकीत घ्यायचाय, म्हणून तर घाई. स्लाइड्स आहेत का कुणाकडे?

जलसाठा:
तलावाची गरजच नाही. आमच्या गावी दोन बोअर मारल्या, सोलर पंप बसवला, प्रश्न संपला. जमीनही जात नाही. एजन्सीचा नंबर खाजगी निरोपात पाठवतो.

कातळ:
जलसाठा, हा सह्याद्रीचा बेसॉल्ट आहे. पाणी झिजलेल्या थरात आणि भेगांमध्ये असतं, भेग लागली तर लागली. वरच्या अंगाला खोल बोअर मारली तर झऱ्याला येणारं पाणी त्याच भेगेतून ओढलं जाऊ शकतं, मग झराही गेला आणि पुढे बोअरही. रानजाई, आसपास फार्महाऊस आहेत का? त्यांच्या बोअर किती, रस्त्यासाठी डोंगर कापलाय का, वरचं रान तोडलंय का? हे न बघता झरा आटला म्हणजे हवामान बदल, असं सांगू नका.

जलसाठा:
म्हणजे अभ्यास होईपर्यंत बायकांनी हंडे वाहत बसायचं का? दहा वर्षं आमची बोअर चालू आहे.

कातळ:
तुमच्या गावचा खडक कोणता ते तुम्ही सांगितलं नाहीत. हंड्यांचं दुःख मलाही आहे, म्हणूनच झरा वाचवा म्हणतोय.

जुना शहापूरकर:
आता मुद्द्यावर येतो. मी याच तालुक्यात वाढलो. तानसा धरण १८९२ चं, पुढे भातसा आलं. मुंबई-ठाण्याला पाणी इथून जातं आणि इथले पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. 'तुमच्याच भल्यासाठी जागा द्या' हे वाक्य इथे पिढ्यान् पिढ्या ऐकलंय, त्यामुळे तुमचा तक्ता कितीही खरा असला तरी ठरावासोबत आला की लोक त्याच्यावर विश्वास ठेवणार नाहीत.
वनहक्क कायदा २००६ चा आहे. कलम ३(२) नुसार पिण्याचं पाणी, छोटे तलाव यांसाठी वनजमीन देता येते, पण प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. तलाव मोठा असेल तर १९८० च्या वन संवर्धन कायद्याचा रस्ता. वनहक्काच्या दाव्यांची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कुणाला ताब्यातल्या वनजमिनीवरून हटवता येत नाही, कलम ४(५). वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका. शहापूर अख्खा तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, म्हणजे पेसाही लागू, आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा.
अख्ख्या पाड्याच्या नावाने वनहक्काचा सामूहिक दावा केलाय का? त्याचे अर्ज, नमुना ब आणि क, भरलेत का? बैठक कोणी बोलावली? तलाव किती मोठा?

मधुमालती:
कातकरी कुटुंबांना जातीचा दाखला मिळत नसेल तर प्रांत कार्यालयात शिबिरं लागतात, तिथे चौकशी करा. आमच्या मावशींचं काम तिथेच झालं.

पाऊसवेडा:
मधुमालती, दाखल्याचं कुणी विचारलेलं नाही, धागा भरकटतोय.
रानजाई, एक इशारा. केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात १९५१ ते २०१५ मध्ये देशाचा मोसमी पाऊस सुमारे ६ टक्के घटल्याचं आहे आणि पश्चिम घाटातली घट त्यात ठळक आहे. दुसरीकडे २०१७ च्या एका अभ्यासानुसार मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर एकाच वेळी होणारी अतिवृष्टी १९५० ते २०१५ मध्ये तिपटीने वाढली. दोन्ही खरं. पण त्यावरून तुमच्या पाड्याचा झरा का आटला, हे सिद्ध होत नाही. तसं ठासून सांगितलंत आणि पुढच्या वर्षी धो धो पाऊस पडला, तर तुमचं कुणी ऐकणार नाही.

रानजाई:
ठीक आहे, सगळं लिहिते. मी ज्या संस्थेत काम करते तिला योजनेवाल्यांनी जनजागृतीचं काम दिलंय, बैठकही त्यांनीच बोलावली. वैयक्तिक पट्टे काहींना मिळालेत. सामूहिक दावा उपविभागीय समितीकडे अडकलाय. तलाव अडीच हेक्टर. पाइपलाइन पाड्यावरून खाली गावात जाते, पाड्याला एक स्टँडपोस्ट, म्हणजे एकच सार्वजनिक नळ. खाली फार्महाऊस आहेत, बोअर मोजलेल्या नाहीत. मला खरंच वाटलं होतं की पाणी मिळतंय तर हरकत कोणाची असेल.

जुना शहापूरकर:
अडीच हेक्टर म्हणजे ३(२) मध्ये बसत नाही. आणि पाणी कुणाला किती, हे कागदावर नाही. मंगळवारी ठराव होऊ देऊ नका. पाऊसपाण्याची चर्चा जरूर करा, पण ठरावाची ग्रामसभा वेगळ्या दिवशी, आधी नोटीस देऊन, पाड्यावरच. त्याआधी वनहक्क समितीने पाइपलाइनचा नकाशा आणि पाणीवाटप लेखी मागवावं. वनहक्क कायद्याचं कलम ५ ग्रामसभेला पाणलोट आणि पाण्याचे स्रोत राखण्याचा अधिकार देतं, तो ठरावात नोंदवा.

घोडबंदरकर:
पण मग योजनाच रद्द झाली तर? निधी परत जातो मार्चमध्ये.

जुना शहापूरकर:
मार्चची घाई निधीची आहे, पाड्याची नाही. जमीन गेली की परत येत नाही.

रानजाई:
वनहक्क समितीच्या ताईंशी बोलले. त्यांना ठरावाचं माहीतच नव्हतं. मंगळवारी फक्त नक्षत्रांचा पट मांडायचा आणि बोअर मोजायला पोरांना पाठवायचं, असं त्यांनीच ठरवलंय. संस्थेत काय सांगायचं ते मी बघते. पाऊसवेडा, महारेनवरून मंडळाचे आकडे उतरवता येत नाहीयेत, पान उघडून तसंच राहतं.

पाऊसवेडा:
मंडळाचं नाव द्या, रात्री काढून पाठवतो. तालुक्याची सरासरी घेऊ नका, घाटाजवळ आणि सखल भागात पावसात बराच फरक पडतो.