तीन विरुद्ध तीन: पटनिहाय लढती घ्याव्यात की 'विजेता टिकतो' हीच पद्धत ठेवावी?

टिळकवाडीकर (धागाकर्ता)

दिवाळीच्या सुटीत बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या भागांतील संघांमध्ये 'मास्टर ड्युएल' या पत्त्यांच्या संगणकीय खेळाची ऑनलाइन स्पर्धा घेण्याचे आपण ठरवले आहे. प्रत्येक संघात तीन खेळाडू असतील, एवढ्यावर एकमत आहे. वाद उरला आहे तो पद्धतीचा. मागच्या खेपेस आपण 'विजेता टिकतो' ही पद्धत वापरली होती. तिच्यात दोन्ही संघांचे पहिले खेळाडू लढतात, हरणारा बाद होतो, जिंकणाऱ्यासमोर पुढचा प्रतिस्पर्धी येतो आणि ज्या संघाचे तिघेही बाद होतील तो संघ हरतो. या वेळी ती सोडून बुद्धिबळाच्या सांघिक सामन्यांप्रमाणे पटनिहाय लढती घ्याव्यात, म्हणजे पहिल्याने पहिल्याशी, दुसऱ्याने दुसऱ्याशी व तिसऱ्याने तिसऱ्याशी खेळावे आणि ज्याचे दोन पट त्याचा सामना, असे माझे मत आहे.

मागच्या वेळी समोरच्या संघातील पहिल्याच मुलाने आम्हा तिघांना ओळीने गारद केले आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांना एक पत्ताही उचलावा लागला नाही. हा केवळ आमच्या कच्च्या खेळाचा दोष नव्हे. सर्व खेळाडू तुल्यबळ आहेत आणि प्रत्येक डावाची शक्यता निम्मी-निम्मी आहे असे धरले, तरी या पद्धतीत चारपैकी एक सामना दोन्हींपैकी कुणा एका संघाचा सलामीचा खेळाडू एकट्याने संपवतो. याला सांघिक स्पर्धा म्हणावे का?

दुसरी अडचण नाणेफेकीची आहे. पहिली खेळी करणाऱ्याला त्या फेरीत पत्ता ओढता येत नाही व हल्लाही करता येत नाही, तरीही समोरच्याने हात हलवण्याआधीच पटावर मजबूत मांडणी उभी करता येत असल्यामुळे बहुतेक संचांना (म्हणजे खेळाडूने निवडून आणलेल्या पत्त्यांच्या गठ्ठ्यांना) पहिली खेळीच हवी असते. यावरचा उपाय म्हणजे तीनपैकी दोन डावांची लढत, ज्यात हरलेला खेळाडू पुढच्या डावात कोण आधी खेळणार ते ठरवतो. 'विजेता टिकतो' पद्धतीत एकापाठोपाठ पाच लढती होऊ शकतात. त्या प्रत्येकी तीन डावांच्या केल्या तर कोंबडा आरवेपर्यंत सामना चालेल, म्हणून मागच्या वेळी आपण एकेकच डाव ठेवला आणि नाण्याला अवास्तव मान दिला. तिन्ही पट एकाच वेळी सुरू झाले तर हा पेच आपोआप सुटतो.

निपाणीचा गडी

धागाकर्त्यांचा हिशेब मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. सलामीच्या एकाने तिघांना पाडणे हा आपल्याला दोष वाटतो, पण पाहणाऱ्यांना स्पर्धा लक्षात राहते ती त्याच लढतीमुळे. आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या पाहिलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको: एकाच वेळी तीन जोडी लागल्या की नजर कुठेच ठरत नाही, आणि मैदान श्वास रोखून बसते ते शेवटच्या एका जोडीसाठी. पटनिहाय सामन्यात तीन खिडक्या उघडून कोण काय पाहणार? शिवाय दोन पट लवकर निकाली निघाले की तिसऱ्यावर झुंजणाऱ्याच्या विजयाला काडीची किंमत उरत नाही.

उद्यमबाग रात्रपाळी

मी फाउंड्रीत कामाला आहे आणि माझी पाळी दर आठवड्याला बदलते. तिन्ही खेळाडू एकाच घटकेला मोकळे हवेत ही अट बेळगावातल्या महाविद्यालयीन मुलांना सोपी वाटेल. आमच्या संघात मी इथे, एक जण पुण्यात नोकरीला आणि तिसरा गोकाकचा कन्नड भाषक मित्र, ज्याचे दुकान रात्री उशिरा बंद होते. एकामागोमाग लढती असल्या की ज्याची पाळी येईल त्याने हजर व्हावे, एवढेच पुरते. पटनिहाय पद्धत घ्यायचीच असेल, तर तिन्ही पट ठरावीक दोन दिवसांत केव्हाही खेळण्याची मुभा द्यावी.

शहापूरचा हिशेबी

येथे एक आकडेमोड मांडतो. असा संघ धरा की ज्यातील एक खेळाडू कोणाशीही खेळला तरी 70 टक्के वेळा जिंकतो आणि उरलेले दोघे 40 टक्के वेळा. म्हणजे तिघांची सरासरी बरोबर 50. समोरचे तिघे एकसारखे आहेत असेही धरा. पटनिहाय पद्धतीत हा संघ सामना जिंकण्याची शक्यता 49.6 टक्के येते, तर 'विजेता टिकतो' पद्धतीत ती 56.5 टक्क्यांवर जाते. एका हुकमी एक्क्याला ही पद्धत सुमारे सात टक्क्यांचे बक्षीस देते. गंमत म्हणजे या गणितात त्या एक्क्याला आधी पाठवा की शेवटी, उत्तर बदलत नाही. त्यामुळे क्रम लावण्याच्या डावपेचांवर मागच्या वेळी झालेली रात्रभराची खलबते बरीचशी वाया गेली असे माझे प्रामाणिक मत आहे.

निपाणीचा गडी

हिशेबींचे गणित समोरचे तिघे सारखे असल्याच्या गृहीतकावर उभे आहे आणि प्रत्यक्षात असे कधीच नसते. एखादा संच दुसऱ्याला भारी पडतो व तिसऱ्यासमोर हात टेकतो, म्हणून समोर कोण बसला आहे हे पाहून आपला माणूस पाठवणे हेच संघनायकाचे कसब आहे. पटनिहाय पद्धतीत ते कसब चिठ्ठीत नावे लिहून देण्यापुरते उरते.

टिळकवाडीकर (धागाकर्ता)

चिठ्ठी तुच्छ लेखू नये. बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये चार पट आणि एक राखीव खेळाडू असतो, पटांचा क्रम स्पर्धेआधी द्यावा लागतो, आणि 2008 च्या ड्रेस्डेन ऑलिंपियाडपासून क्रमवारी पटांच्या गुणांऐवजी आधी सामन्याच्या गुणांवर लागते. तिसऱ्या पटाला किंमत उरत नाही हा आक्षेप मात्र मी स्वीकारतो. त्यासाठी बरोबरी झाल्यास एकूण जिंकलेले पट मोजावेत, म्हणजे गेलेल्या सामन्यातील विजयही पुढे उपयोगी पडेल.

आणखी एक सूचना आहे. 'मॅजिक' या पत्त्यांच्या दुसऱ्या खेळाच्या सांघिक स्पर्धांत एक प्रकार असा आहे की मूळ जमिनीचे (सगळ्यांनाच लागणारे साधे) पत्ते सोडून कोणताही पत्ता संघातील एकाहून अधिक संचांत चालत नाही. आपणही तसे करावे, म्हणजे तिघेही एकच गाजलेला संच घेऊन बसणार नाहीत.

जांबोटी रस्ता

या सूचनेला माझा ठाम विरोध आहे. फुकट खेळणाऱ्या मुलाकडे एखादाच धड संच असतो. 'मास्टर ड्युएल'मध्ये अतिदुर्मीळ पत्ता घडवायला त्याच दर्जाचे 30 गुण लागतात आणि तसा पत्ता मोडला तर साधारणपणे 10 मिळतात. तीन मोडावेत तेव्हा एक घडतो. ज्याच्याकडे पत्त्यांचा साठा आहे त्यालाच हा नियम परवडेल. पटनिहाय पद्धतीला मात्र माझा पाठिंबा आहे, कारण आमच्याकडे संपर्क तुटणे नित्याचे आहे. 'विजेता टिकतो' पद्धतीत एकदा रेंज गेली की फॉर्मात असलेला खेळाडू सामन्यातून बाद होतो. तीन डावांच्या पटात फार तर एक डाव जातो.

निपाणीचा गडी

रेंजचा मुद्दा खरा आहे, तेवढ्यापुरते मी नमते घेतो. पण हिशेबींच्या त्या सात टक्क्यांवर अडून बसतो. बेळगाव शहरात तीन चांगले खेळाडू एका गल्लीत सापडतात. आमच्याकडे अख्ख्या गावात एक असतो आणि उरलेले दोन त्याने शिकवलेले असतात. त्या एकाला बक्षीस देणारी पद्धत काढून घ्याल, तर पुढच्या वर्षी तो शहरातल्या संघातून खेळेल आणि आमचा संघ उभाच राहणार नाही. साखळी सामने पटनिहाय घ्या. अंतिम सामना तरी जुन्या पद्धतीने, दिवाळीनंतरच्या रविवारी, पाऊस नसताना आणि सर्वांना दिसेल अशा एकाच पडद्यावर घ्या.

उद्यमबाग रात्रपाळी

त्या रविवारी माझी दिवसपाळी आहे. अंतिम सामना रात्री आठनंतर ठेवणार असाल तर माझे मत निपाणीकडे धरावे.