मदत हवी आहे: सर मुलीला पळूच देत नाहीत

अमळनेरची_आई: मुलगी नववीत. शाळेच्या यादीत सरांनी तिला धावण्यातून काढून गोळाफेकीत टाकलं. म्हणे "अंगानं भरलेल्या पोरी गोळ्यालाच बऱ्या." पळवून पाहिलंच नाही. ती रोज पहाटे पळते. शनिवारी नावं तालुक्याला जातात. सरांना काय सांगू? लवकर सांगा.

भुसावळकर: वजन किती? उंची?

केळीवाला: किती मीटर ते सांगा आधी. कबड्डीत लहान गटांना वजनाची मर्यादा असते, धावण्यात नसते.

रावेरवाली: रात्रीची पोळी बंद करा, सकाळी जिऱ्याचं पाणी. माझ्या जावेला फार फरक पडला.

अमळनेरची_आई: 800 मीटर. वजन कमी करायचं मी विचारलेलंच नाही.

भुसावळकर: तरी बीएमआय काढा, म्हणजे उंचीच्या मानानं वजन. आकडा खोटं बोलत नाही.

धुळे_पारोळा: आकडा अर्धवट बोलतो, भाऊ. पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी युडकिन, दोघांचा बीएमआय 22.3. अंगातली चरबी मात्र याज्ञिकांची 21.2 टक्के, युडकिनांची 9.1. 2004 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दोघांच्या फोटोसकट छापून आलंय. आणि दम किती, हे तर त्यातून मुळीच कळत नाही.

भुसावळकर: म्हणजे वजनानं शुगर वाढत नाही, गुडघे जात नाहीत?

धुळे_पारोळा: ते डॉक्टर बघतील. सरांचं काम घड्याळ लावायचं.

तापीकाठ: ताई, पोर पळस ना? मंग वजन कशाले मोजतस?

चोपडेकर: पोलीस भरतीलाही मुलींना 800 मीटरच असतं. आतापासून तयारी करून घ्या, नोकरीचं होईल.

रावेरवाली: पोलिसात नको बाई, ड्युटी फार. बामणोदची वांगी आली का हो बाजारात?

केळीवाला: भरीत दुसऱ्या धाग्यावर! ताई, मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या: 800 मीटरला इच्छुक सगळ्या मुलींना एकत्र पळवा, वेळ लिहा, पहिल्या येतील त्यांची नावं पाठवा. अर्जात वजनाचा शब्दही नको. तो विषय काढलात की सफाई देत बसावं लागेल आणि शनिवार निघून जाईल.

अमळनेरची_आई: अर्ज उद्याच देते. पण घड्याळ तेच सर धरणार ना?

केळीवाला: दुसऱ्या शिक्षकांनाही उभं करा म्हणावं. आणि अर्जाच्या प्रतीवर सही घेऊन पोच ठेवा.

भुसावळकर: वजन सांगितलंच नाही तुम्ही.