कार्डाचं नाव नको, वॅट विचारा

'बारीक आणि जाडजूड, दोन्ही गेमिंग लॅपटॉपमध्ये आरटीएक्स ४०६० हेच ग्राफिक्स कार्ड आहे, मग जाडजूड लॅपटॉपला जास्त पैसे का मोजायचे?' असं तुम्ही विचारलंय. मोजा, खुशाल मोजा. लॅपटॉपमधलं ४०६० मॉडेलनुसार ३५ पासून ११५ वॅटपर्यंत चालवलेलं असतं, जाडजूड लॅपटॉपमध्ये सहसा जास्त वॅटवर. नाव तेच, पण कमी वॅटचं कार्ड गेममध्ये चांगलंच मागे पडतं. दुकानदार हा आकडा सहसा सांगत नाही. कंपनीच्या साइटवर 'टीजीपी' (ग्राफिक्स कार्डाला मिळणारी एकूण वीज) म्हणून शोधा.

स्क्रीनकडे मात्र अजिबात दुर्लक्ष नको, कारण तुमचं निम्मं काम व्हिडिओ एडिटिंगचं आहे. स्वस्तातल्या गेमिंग लॅपटॉपला १४४ हर्ट्झचा (स्क्रीन सेकंदाला १४४ वेळा बदलते) गाजावाजा करून बऱ्याचदा ४५ टक्के एनटीएससीचा, म्हणजे मोजकेच रंग दाखवणारा पॅनल लावलेला असतो. त्यावर लाल रंग विटकरी दिसतो, म्हणून तुम्ही तो वाढवता आणि क्लायंटच्या फोनवर नवरीचा शालू डोळ्यांत खुपायला लागतो. १०० टक्के एसआरजीबी (फोन-कॉम्प्युटरसाठीचा नेहमीचा रंगांचा पल्ला) लिहिलेलं असेल तरच घ्या, त्यासाठी प्रोसेसर एक पायरी खालचा चालेल.

रॅम १६ जीबीची एकच पट्टी असेल तर दुसरी लगेच टाकून घ्या. बोर्डवर सोल्डर केलेली असेल तर आत्ताच ३२ घ्या, नंतर वाढवता येणार नाही.

टिळक रोडच्या दुकानांत लॅपटॉप बघायला जाल तेव्हा चार्जर लावून पंधरा-वीस मिनिटं गेम चालवायला सांगा आणि कीबोर्डवर बोटं ठेवून बघा. दुकानात एसी असतो. एप्रिलमध्ये आपल्या घरी लॅपटॉप याहून जास्तच तापणार.