ठासणीच्या बंदुकीत बार वाढवायचा, तो कुठवर?

चकमकवाला
पेनसिल्व्हेनियात राहतो. इथे नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून हरणांसाठी चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीवर उडणाऱ्या) बंदुकीचा खास हंगाम असतो, त्याची तयारी चाललीय. बंदूक .५० कॅलिबरची, म्हणजे अर्ध्या इंचाच्या नळीची. गोळी शिशाची, गोल, चिंधीत गुंडाळून ठासायची, १७७ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं बारीक माप). दारू काळी, दोन एफची, म्हणजे मध्यम दाण्याची.

५० ग्रेन दारूपासून सुरुवात केली, पाच-पाच ग्रेननी वाढवत गेलो, प्रत्येक मापाला पाच गोळ्या. ७० ला ५० यार्डांवर पाचही गोळ्या वाटीच्या तोंडाएवढ्या जागेत बसल्या. ८५ ला ताटभर पांगल्या. मी ७० वर थांबलो. रेंजवरचे दोस्त म्हणतात, कंपनीने १०० पर्यंत परवानगी दिलीय, मग हात का आखडतोस? मला वाटतं, कमाल माप म्हणजे नळी कुठवर सोसेल एवढंच. शिवाय ८० च्या पुढे नळीसमोरच्या बर्फावर काळे कण पडलेले दिसतात. न जळलेली दारूच ती. फुकट कशाला उडवू?

रॉकीज_मराठी
बर्फाची परीक्षा विसरा हो! काळी दारू पूर्ण जळली तरी तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग घनच राहतो. नळी दर दोन बारांना पुसायला लागते ती कशामुळे? ते कण वेचा आणि लांबूनच काडी लावा. भुर्रकन पेटले तर दारू, नाही तर काजळी.

आणि ७० तुमच्या झाडीत ठीक. मी कोलोरॅडोत एल्कच्या, म्हणजे मोठ्या हरणांच्या मागे असतो, उघड्या माळावर. तिथे अंतर हमखास चुकतं, ८० म्हणावं तर ११० निघतं. बार मोठा असला की गोळी वाटेत कमी खाली येते, चूक पोटात घेतली जाते.

चकमकवाला
किती कमी, तेही बघा. गोल गोळीला हवा फार लवकर खाते. ७० ऐवजी ९०-९५ भरले तर नळीतून निघताना सेकंदाला तीनेकशे फूट जास्त मिळतील. १०० यार्डांवर त्यातले जेमतेम शंभरेक उरतात. ५० यार्डांवर नेम बसवला असेल तर शंभरावर फरक दोनेक इंचांचा. त्यासाठी खांदा सुजवायचा आणि चाप ओढताना डोळे मिटायची सवय लावून घ्यायची? चकमकीत रंजक (बाहेरची पेटवणीची दारू) पेटण्यापासून बार उडेपर्यंत क्षणभर जातो, तेवढ्यात दचकलात तर संपलंच.

रॉकीज_मराठी
दोन इंच गोल गोळीचे. मी लांबट, जड गोळी वापरतो, तिचा हिशेब वेगळा. ९० भरतो, त्याच्या वर मीही जात नाही. दुकानदार मला पेलेटचा, म्हणजे दाबून केलेल्या दारूच्या गोळ्यांचा, १५० चा 'मॅग्नम' बार खपवायला निघाला होता. कोलोरॅडोच्या ठासणीच्या हंगामात पेलेट मुळात चालतच नाहीत, हे त्याला मीच सांगितलं!

पण तुमच्या ८५ ला दोष देण्याआधी सांगा, गोळीभोवतीच्या, बाहेर उडालेल्या चिंध्या बघितल्यात का?

कोकणातला
मधेच बोलतो. आमच्या आजोबांकडे शेतसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. ग्रेनबिन काही नाही. बार ठासला की ठासायचा गज (लांब दांडा) नळीबाहेर किती बोटं राहतो ते बघायचे, त्यावर खूण केलेली. खूण वर दिसली की आजोबा तो बार उडवायचेच नाहीत, कारण आधीचा बार आतच असू शकतो. तुम्ही पाच ग्रेनवर भांडताय, पण बोलता बोलता विसरून दोनदा भरलं तर? गजावर खूण आहे ना दोघांच्या?

रॉकीज_मराठी
आहे, काका. बरं झालं काढलंत.

चकमकवाला
माझ्या गजावर नव्हती. आज खाच मारली.

चिंध्या वेचल्या. ७० च्या शाबूत, मधे तपकिरी गोल डाग. ८५ च्या कडा जळालेल्या, दोन तर फाटून दोऱ्या झालेल्या. बर्फावरच्या कणांना काडी लावली. काही पेटलं नाही. तो मुद्दा मागे.

रॉकीज_मराठी
मग झालं की! चिंधी जळतेय, गोळी नळीच्या आट्यांत (आतल्या पिळाच्या खाचांत) धरली जात नाहीय. जाड कापड घ्या, चरबी नीट लावा, ८५ पुन्हा मारून बघा. तुम्ही थांबलात तिथे कापडाची हद्द होती, दारूची नाही.

चकमकवाला
कापड आणतो, बघतोही. पण माझी हरणं चाळीस यार्डांच्या आत येतात आणि ७० ची गोळी आरपार जाते. ८५ ला वाटी जमली तरी मला ती नेमकी कशासाठी हवीय, ते तेवढं सांगा.