मदत हवी आहे: गुऱ्हाळावरच्या प्रोजेक्टला मार्क कसे द्यायचे?

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल शिकवते. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर अभ्यासक्रमात ओपन इलेक्टिवला, म्हणजे आपल्या शाखेबाहेरच्या ऐच्छिक विषयाला, जागा झाली, तेव्हा आम्ही तिघा शिक्षकांनी मिळून एक विषय सुरू केला. मेकॅनिकल, कॉमर्स आणि समाजकार्य अशा तीन शाखांची मुलं एका गटात, आणि प्रश्न पुस्तकातला नाही, गावातला. दोन क्रेडिट म्हणजे प्रात्यक्षिकाचे ६० तास, आठवड्याला चार. त्यातला दीड तास करवीर तालुक्यातल्या गुऱ्हाळावर जाण्यायेण्यातच जातो. तरी मुलं येतात, आणि मनापासून येतात.

अडलंय ते मार्कांपाशी.

गेल्या हंगामात दोन गटांना एकच काम दिलं होतं: चुलवाणाच्या (गुऱ्हाळावरच्या मोठ्या चुलीच्या) तोंडाशी बसून जाळ घालणाऱ्या माणसाचा त्रास कमी करा. ज्यांनी गुऱ्हाळ जवळून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. रस काढून उरलेलं चिपाड अंगणात वाळवतात, आणि तेच काहिलीखाली, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईखाली, जळण म्हणून जातं. जाळ एकसारखा हवा. जास्त झाला तर रस उतू येतो, शेवटी शेवटी पाक करपतो. कमी पडला तर आधण रेंगाळतं. म्हणून एक माणूस तासन्‌तास त्या धगीसमोर.

पहिल्या गटानं तीन आठवड्यांत कन्व्हेयर काढला. मोटर, गिअरबॉक्स, सेन्सर, सगळं कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या आराखड्यात, आणि खरंच देखणं. जाळ घालणाऱ्या काकांशी त्यांचं बोलणं झालं ते पहिल्या दिवशी दहा मिनिटं.

दुसऱ्या गटातली समाजकार्याची मुलगी दोन शनिवार तिथं नुसती बसून राहिली. तिच्या वहीतलं एक वाक्य मला पाठ झालंय: "काका सारखे उठून बाहेर जातात. मला वाटलं धग सोसत नाही म्हणून. तसं नाही, ते धुराडं बघायला जातात." धूर काळा दिसला की चिपाड कमी सारायचं, विरळ झाला की वाढवायचं. म्हणजे हा माणूस नुसता जाळ घालत नाही, जाळावर लक्षही तोच ठेवतो. आणि त्यासाठी दर थोड्या वेळानं गुडघे धरून उठतो. त्रास धगीचा आहेच, पण उठबशीचा त्याहून जास्त. कॉमर्सच्या मुलानं हिशेब मांडला: हंगाम चार-पाच महिन्यांचा, बाकी वर्ष मोटर धूळ खात पडणार, आणि कन्व्हेयर बसला तर काकांची हजेरीच जाणार.

मग त्यांनी काय केलं? उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमधून पत्रा वाकवून आणला. दोन पत्र्यांच्या मधे बोटभर पोकळी ठेवून काकांच्या समोर आडोसा केला, चिपाड सरकायला बाजूनं उतरता पाट बसवला, आणि भंगारातून आणलेला ट्रकचा आरसा खांबाला अशा कोनात बांधला की बसल्या जागी धुराडं दिसावं. काका आरशात बघून हसले, आणि त्या दिवशी फार कमी वेळा उठले. मी तिथं होते.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. "आरसा बांधला, पत्रा वाकवला. यात इंजिनिअरिंग कुठाय?" कन्व्हेयरला ५० पैकी ४४, आरशाला २९. ती मुलगी नंतर म्हणाली, "मॅडम, आम्ही पण मोटरच काढायला पाहिजे होती का?" मला धड उत्तर देता आलं नाही, आणि ते अजून मनातून जात नाही.

यात माझीही चूक आहे. पोकळी ठेवलेले दोन पत्रे म्हणजे उष्णतेच्या प्रारणाला आडोसा. हे मी स्वतः वर्गात गणितं घालून शिकवते. समोरचा पत्रा तापतो, मागच्यापर्यंत त्यातली थोडीच उष्णता पोचते. पण अहवालात मुलांनी यातलं काही लिहिलं नाही आणि मी लिहून घेतलं नाही. परीक्षकांना पत्राच दिसला.

तिसऱ्या गटाचा पेच वेगळाच. पाक तयार झाला हे थर्मामीटरवर कळावं असं उपकरण त्यांना करायचं होतं. पाक ११८ अंशांच्या आसपास उतरवतात असं पुस्तकात असतं. गुळवे मामा, म्हणजे गूळ करणारे कारागीर, मात्र थेंब थंड पाण्यात टाकतात आणि बोटात गोळी वळून बघतात. "ऊस आडसाली हाय का खोडवा, रान कसलं हाय, त्यावर ठरतंय. काटा एकच सांगणार." (आडसाली म्हणजे पावसाळ्यात लावलेला, जवळजवळ दीड वर्षाचा ऊस; खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला.) मुलांनी उपकरण सोडून दिलं, आणि प्रत्येक काहिलीला ऊस कुठला, थर्मामीटरचा काटा किती आणि मामांनी "उतरा" कधी म्हटलं, हे शेजारी शेजारी लिहीत गेली. शेवटी हातात आली ती एक नोंदवही. माझ्या मते यंदाचं सगळ्यात मोलाचं काम तेच. पण डिझाईनच्या विषयात वहीला मार्क कुठल्या रकान्यात देऊ?

आम्ही काय करून बघितलं तेही सांगते. रोजनिशी सक्तीची केली, तर निम्म्या मुलांनी आदल्या रात्री बसून भरली. गटातल्या सहा जणांनी १०० गुण एकमेकांत वाटायचे असं ठेवलं, तर "भांडण नको" म्हणून सगळ्यांनी समान वाटले.

तेव्हा आर्किटेक्चर, डिझाईन, समाजकार्य शिकवणाऱ्यांना विचारते. दिलेला प्रश्नच मुलांनी बदलला, आणि योग्य बदलला, तर त्याचे गुण तुम्ही कसे मांडता? बाहेरच्या परीक्षकांना आधी काय देता, की त्यांनी नुसती वस्तू बघू नये? आणखी एक. आडोशाचं पेटंट करूया असं कॉलेजात बोलणं चाललंय. पण पाटाचा उतार किती हवा हे काकांनी चिपाड सरकवून दाखवलं होतं. १९७० च्या पेटंट कायद्यात खरा आणि पहिला संशोधक असा शब्द आहे, मग त्यांचं नाव नको का? कुणी असं नाव घातलं असेल तर अनुभव सांगा.

भर (दोन दिवसांनी):

सगळ्यांचे आभार. आर्किटेक्चरवाल्या दोघांनी सुचवलं की ज्युरीत गुऱ्हाळमालक आणि काकांना बसवा. मागे एकदा बसवलं होतं. त्यांनी सगळ्यांना "लई भारी" म्हटलं. घरी आलेल्या पोरांना नाव कोण ठेवणार? त्यामुळे त्यांच्याकडून मार्क नकोत. पुढच्या हंगामात ते वापरात दिसतं का, एवढंच बघायचं.

पण तोवर निकाल लागून मुलं पांगलेली असतात. यावर एकांनी दिलेली तोड मला पटली: नव्या तुकडीचं पहिलं काम म्हणजे जुन्या तुकडीनं केलेलं जाऊन बघणं. आरसा अजून खांबाला आहे का, पत्रा कुठं गंजला, काकांनी स्वतः काय बदललं. तो अहवाल परीक्षकांच्या हातात आधी द्यायचा.

रोजनिशीचं उत्तरही मिळालं: वही गुऱ्हाळावरच ठेवायची, निघताना भरायची, घरी न्यायची नाही.

प्रश्न बदलण्याला गुण देणारा मूल्यमापनाचा तक्ता मात्र अजून कुणी टाकलेला नाही. तुमच्या विभागात वापरात असेल तर कच्चा का असेना, इथं टाका. दिवाळीच्या आसपास गुऱ्हाळं पेटतील, त्याआधी आम्हाला तो विद्यापीठाकडे पाठवायचाय.