क्लचच्या बोल्टांना अंदाज चालत नाही
'हाताला अंदाज असतो, टॉर्क रेंच (ठरावीक टॉर्कने, म्हणजे पिळाच्या जोराने, बोल्ट आवळायचा पाना) कशाला?' असं एकाने विचारलंय. सायलेन्सरच्या क्लॅम्पला चालेल अंदाज, क्लचची चकती दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटला नाही. तिचे बोल्ट समोरासमोरचे धरून, एका वेळी अर्धा-एक फेरा असे आवळत जायचे. एकच बाजू आधी पक्की केली तर प्लेट वाकते, मग क्लच सोडताना गाडी थरथरते. (पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये ते लगेच कळतं!) हेड बोल्टचं (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, धरणाऱ्या बोल्टचं) प्रकरण वेगळं. बऱ्याच इंजिनांत ठरावीक टॉर्कनंतर बोल्ट आणखी ९० अंशांसारख्या कोनात फिरवतात, त्यात तो ताणला जातो. मॅन्युअल नवे टाका म्हणत असेल तर नवेच टाका, पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत चौकशी करा. आणि आट्यांना उगाच तेल चोपडू नका. घर्षण कमी होऊन तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो.