‘प्रार्थना करतो’ म्हणायचं आणि करायचीच नाही, याला काय म्हणायचं?

कोपऱ्यातला_बाक
गेल्या पावसाळ्यात आई 18 दिवस दवाखान्यात होती. मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) व्हॉट्सॲप ग्रुपवर मी प्रार्थना विनंती टाकली. दहा मिनिटांत 43 ‘आमेन’ आले, जोडलेल्या हातांची चित्रं वेगळीच. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आई घरी आल्यानंतरच्या रविवारी उपासना सुटल्यावर एक वडीलधारे गृहस्थ भेटले. माझा हात हातात घेऊन म्हणाले, “तुमच्या वडिलांसाठी रोज गुडघे टेकतोय.”

माझे वडील जाऊन 11 वर्षं झाली. दफनविधीला हे गृहस्थ पहिल्या रांगेत होते.

तेव्हापासून ठरवलंय, कुणी काही सांगितलं तर तिथेच, उभ्या उभ्या दोन वाक्यांची प्रार्थना करायची. जमत नसेल तर “ऐकून वाईट वाटलं” म्हणायचं आणि गप्प बसायचं. ‘परमेश्वराचं नाव व्यर्थ घेऊ नको’ ही आज्ञा आपण शपथांपुरती ठेवलीय. न केलेली प्रार्थना केली म्हणून सांगणं ही देवाच्या खात्यावर केलेली उधारीच आहे. ‘गॉड ब्लेस यू’चंही तेच. शिंक आली तरी आशीर्वाद, लिफ्टमधून उतरताना आशीर्वाद.

शिलोची_पायरी
भाऊ, वडिलांचा किस्सा वाचून हसू आलं, माफ करा. पण तुमचा नियम मला पटत नाही.

बायबलमधली मूल नसलेली हन्ना आठवा. शिलोच्या मंदिरात ओठ हलताहेत, आवाज नाही. एली याजकाला वाटलं बाई प्यालीय. आधी तिला झापलं. तिने आपण दुःखी आहोत एवढंच सांगितलं, मूल मागितल्याचं सांगितलंच नाही. तरी एली म्हणाला, शांतीने जा, इस्राएलाचा देव तुझं मागणं पूर्ण करो. काय मागणं, त्याला ठाऊक नाही! ती मात्र तिथून उठली, जेवली आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहिला नाही. तुमच्या हिशेबाने एलीने तोंडच उघडायला नको होतं.

कोपऱ्यातला_बाक
@शिलोची_पायरी एलीला माहीत नव्हतं, पण मला माहीत आहे असा आव त्याने आणला नाही. तो तिच्याकडे बघत होता, चुकीचं का होईना. तिचं ऐकल्यावर त्याने आपलं मत बदललं. आमच्या 43 जणांपैकी एकानेही ‘कुठल्या वॉर्डात आहे’ असं विचारलं नाही. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातला माणूस आठवतो: उघड्या-उपाशी भावाला ‘सुखाने जा, ऊब घे, पोटभर खा’ म्हणतो आणि देत काहीच नाही.

मडगाव_दादर
मी कॅथलिक, माहेर गोव्यात. तुमच्याकडे ‘मनापासून’ या शब्दाचं जरा जास्तच कौतुक चाललंय असं वाटतं.

आमच्या घरी संध्याकाळी तेर्स (म्हणजे रोझरी) संपला की लहान-मोठे सगळे मोठ्यांकडून बेसांव (म्हणजे आशीर्वाद) घ्यायचे. आजी तेव्हा आजोबांवर चिडलेली असो, चुलीवर कढी उतू जात असो, हात डोक्यावर यायचाच. मनापासून होता का? रोज कसा असेल? कधी कधी नुसतं बोटांनी टेकवल्यासारखं करून ती स्वयंपाकघरात पळायची. पण ‘आज माझं मन नाही, आज आशीर्वाद नाही’ असं कधी झालं नाही. आमच्याकडे आभार मानायचे तरी ‘देव बरें करूं’ म्हणतात. घासून गुळगुळीत झालेला शब्द, पण आशीर्वादच ना? आणि पाठ प्रार्थनेला नाकं मुरडू नका. ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं म्हणताना तुमच्या तोंडीही दुसऱ्याचेच शब्द असतात.

कोपऱ्यातला_बाक
@मडगाव_दादर आजीचं मान्य, ताई. आजी निदान कुणाच्या डोक्यावर हात ठेवतेय ते बघत होती :)

सरळ_बोल
मूळ दुखणं ग्रुपवरचं नाही, स्टेजवरचं आहे. मागे एका सभेला गेलो होतो. आधी पाकिटं वाटली, मग सांगितलं की जेवढं पेराल तेवढा आशीर्वाद. माझ्या शेजारच्या बाईंनी पर्समधली बसभाड्याची नोट आधी काढून ठेवली आणि उरलेलं पाकिटात घातलं. शाप द्यायला भाड्याने आणलेला बायबलमधला बलाम तरी बरा, त्याच्या तोंडून शेवटी आशीर्वाद निघाला.

शिलोची_पायरी
@सरळ_बोल त्याबद्दल दुमत नाही, पण तो वेगळा धागा होईल. तरी मोठ्याने प्रार्थना म्हणजे सगळं नाटक असं कुणी म्हणू नये. 1905 मध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनात मुली एकाच वेळी मोठमोठ्याने, रडत प्रार्थना करायच्या. ‘खोलीत जाऊन दार लाव’ हे येशूचं वचन दिखाऊपणाविरुद्ध आहे, आवाजाविरुद्ध नाही.

बांधावरचा
इथे सगळे आपल्या माणसांच्या प्रार्थनेबद्दल बोलताय. माझी अडचण निराळी आहे.

नगर जिल्ह्यात शेती आहे. शेजारी चुलतभाऊ. दर नांगरटीला बांधाचं एक तास (नांगराची एक ओळ) पोटात घालतो. मोजणी आणली, खुणा घातल्या, पुढच्या वर्षी खुणाच गायब. पाळकसाहेब म्हणाले, बायबलमधलं रोमकरांस पत्र, अध्याय 12 वाचा, छळणाऱ्याला आशीर्वाद द्या. मी रोज म्हणायला लागलो, ‘प्रभू, त्याला सद्बुद्धी दे.’ दोन वर्षं म्हटलं. एकदा मंडळी (म्हणजे आमच्या सौ.) म्हणाल्या, “हा आशीर्वाद नाही. देवापुढे केलेली तक्रार आहे ही.”

खरंच होतं ते. त्याला सद्बुद्धी दे, म्हणजे माझा बांध परत दे. मग खरा आशीर्वाद कोणता? देव नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर पाऊस पाडतो म्हणतात. म्हणजे त्याच्या बोअरला पाणी टिकू दे, त्याच्या कांद्याला भाव मिळू दे, असं म्हणायला पाहिजे. ते काही तोंडातून निघत नाही. आता बाक-भाऊंच्या नियमाने मी गप्प बसावं का?

कोपऱ्यातला_बाक
@बांधावरचा दादा, हो. माझ्या मते गप्प बसलेलं बरं. ‘प्रभू, मला हे म्हणता येत नाही’ एवढंच म्हणा, ती खरी प्रार्थना होईल. येशूच्या दाखल्यातल्या जकातदाराने तरी ‘मज पाप्यावर दया कर’ याहून दुसरं काय म्हटलं होतं?

शिलोची_पायरी
मी उलट सांगेन. म्हणा. दात-ओठ खात म्हणा. मन येईल तेव्हा येईल. आशीर्वाद देवाचा आहे, तुमचा नाही. इसहाकाने माणूसच चुकीचा ओळखला, थोरला एसाव समजून धाकट्या याकोबाला आशीर्वाद दिला, तरी दिलेला आशीर्वाद परत घेता आला नाही. तुमच्या मनाची तयारी होईपर्यंत थांबलात तर बांध जाईल आणि आयुष्यही.

मडगाव_दादर
आमची आजी असती तर म्हणाली असती, आधी कढी उतरव, मग ठरव :)

सरळ_बोल
बोअरला पाणी मागा हो, पण तहसीलला अर्जही करा.

बांधावरचा
@सरळ_बोल अर्ज केलाय, तारीख पुढच्या महिन्यात आहे.

या आठवड्यात आमच्याकडे रात्रीची लाइट आहे. आत्ता साडेबाराला आली. त्याची मोटार सुरू झाल्याचा आवाज इथे अंगणात येतोय, पाणी चांगलं पडतंय. ‘पाणी टिकू दे’ एवढं म्हटलं. कांद्याच्या भावाचं अजून नाही जमलं.